टेकडीला लागून घर, वाळलेलं गवत आणि सुटलेलं वारं: तुम्ही काय काय करता?

उतारावरचा (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ९:५२

बावधन, सूस, पाषाण, कात्रज, धायरी, कोंढवा. पुण्यात टेकडीच्या अंगाला राहणारे आता काही थोडेथोडके नाहीत. फ्लॅट घेताना 'हिल व्ह्यू'चे जास्तीचे पैसे मोजलेले असतात, आणि फेब्रुवारीपासून पहिला वळीव पडेपर्यंत त्याच व्ह्यूमध्ये कुठे ना कुठे धूर दिसत असतो. या आठवड्यात आमच्या मागच्या टेकडीला वणवा लागला. दुपारचं वारं होतं. पायथ्याशी पेटलेलं गवत बघता बघता धारेपर्यंत गेलं. वरून एक फाटा आमच्याकडे वळला. सोसायटीचं कंपाउंड आणि गवत यांच्यात अंतर म्हणाल तर जेमतेम दोन हात. वनविभागाची माणसं आली, त्यांनी झोडपून झोडपून विझवलं, पण तोवर ए विंगच्या गच्चीवर जळक्या काड्या येऊन पडत होत्या.

सोसायटीच्या ग्रुपवर भरपूर मेसेज आले. त्यातले निम्मे हात जोडलेल्या इमोजींचे.

तर मला विचारायचंय असं की कुंपणाबाहेर किती रुंद पट्टा मोकळा ठेवावा? तो ठेवायला परवानगी कोणाची लागते? वारं असताना जाळ आपल्याकडे वळला तर पाण्याचा पाइप घेऊन उभं राहायचं की म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाडीत घालून निघायचं? ज्यांनी हे अनुभवलंय त्यांनी लिहा. 'प्रशासन झोपलंय का' यावर वेगळा धागा आहे, तो तिकडे.

चिंचेचा_पार | शनिवार, रात्री १०:१५

रुमाल टाकून ठेवतो. तळजाईच्या बाजूला राहतो, आमच्याकडेही तेच.

रानवाटा | शनिवार, रात्री ११:०३

मी काही वर्षं टेकडीवरच्या ग्रुपबरोबर वणवे विझवायला जातो, म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे फोन. वनविभागाची हेल्पलाइन १९२६, अग्निशमन दल १०१, आणि काहीच सुचलं नाही तर ११२. फोनवर 'टेकडीला आग लागलीय' एवढंच सांगितलं तर माणसं टेकडीच्या भलत्याच बाजूला जातात. कुठून वर यायचं, गाडी कुठपर्यंत येते, जवळची खूण कोणती, हे सांगा. लोकेशन पाठवा. उपग्रहाच्या भरवशावर बसू नका. भारतीय वन सर्वेक्षणाचे आगीचे इशारे मोबाइलवर येतात, कोणालाही नाव नोंदवता येतं, पण ते उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच डोक्यावरून जातात आणि त्यांतल्या बारीक नजरेच्या यंत्राचा एक ठिपकाही ३७५ मीटरचा असतो. आपल्याकडचा गवताचा जाळ तासाभरात टेकडी खाऊन विझूनही जातो. त्याची नोंद होईलच असं नाही.

दुसरं, विझवायचं तर कसं. जाळाच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही. मागून, जिथे आधीच जळून काळं झालंय त्या बाजूने शिरायचं आणि दोन्ही कडा विझवत पुढे जायचं. ओल्या पाल्याची जाड फांदी हातात. फांदी आपटायची नाही, दाबून धरायची. आपटली की ठिणग्या पुढच्या गवतात उडतात. आता वनविभागाकडे पाठीवरचे ब्लोअर असतात, त्याने पालापाचोळा उडवून पट्टा पटकन मोकळा करता येतो. कपडे सुती आणि अंगभर. ट्रॅकपँट घालून येणाऱ्यांना आम्ही परत पाठवतो, ते कापड वितळून कातडीला चिकटतं.

आणि चढाच्या बाजूला कधीही पळायचं नाही. आग चढावर माणसापेक्षा जोरात धावते. ढोबळ हिशेब असा की उतार दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट. घळीत तर उतरूच नका, ती धुराड्यासारखी ओढून घेते.

कुंदा_पाषाण | रविवार, सकाळी ७:३०

रानवाटा, फारच उपयोगी. पण साठीच्या पुढच्या आम्ही बायका झोडपायला जाणार नाही. सोसायटीच्या आतलं काय ते कोणीतरी सांगा.

सेक्रेटरी_नाइलाजाने | रविवार, सकाळी ८:४४

कुंदाताई, मी सांगतो. गेल्या वर्षी आमच्या मागे लागला तेव्हा कमिटीला घेऊन सगळी सोसायटी फिरलो. सिमेंटची इमारत सहजी पेटत नाही, पण तिच्या भोवतीचं बरंच काही पेटतं. पार्किंगच्या पत्र्यावर साठलेला पाला. बाल्कनीला लावलेली हिरवी शेडनेट. टेकडीच्या बाजूला टाकलेले जुने सोफे, दिवाळीच्या आकाशकंदिलाचे सांगाडे, रद्दी. तळमजल्यावर एका ओळीत लावलेल्या दुचाकी. माळीबुवांनी कुंपणालगत रचलेला कचऱ्याचा ढीग (हा तर बाहेरच्या गवतापेक्षा वाईट). पाइप गॅसचे मीटर त्याच भिंतीला. एसीची बाहेरची युनिटं त्याच बाजूला.

अडगळ उचलायला जेवढी भांडणं झाली तेवढी पार्किंगवरूनही झाली नव्हती. सोफ्याच्या मालकांनी 'हा सोफा आजोबांचा आहे' म्हणून अर्ज दिला. असो.

दुसरी गोष्ट पाण्याची. आगीसाठीची टाकी वेगळी असते, ती भरलेली आहे का ते बघा. मार्चमध्ये टँकर सुरू झाले की लोकांचा डोळा तिच्यावर असतो. पंप वीज गेल्यावर चालतो का, तेही बघा. टेकडीवर आग लागली की तारांच्या भीतीने वीज बंद होऊ शकते.

जालीय_हल्लेखोर | रविवार, सकाळी ९:१०

सगळं ठीक, पण लावतं कोण ते बोला की. गावकरी गवत चांगलं यावं म्हणून काडी टाकतात, निस्तरायचं आपण.

मुळशीचा_पाव्हणा | रविवार, सकाळी ९:५५

आलं का गावकऱ्यांवर! दादा, मी मुळशीचा, घरी भात आहे. आम्ही राब भाजतो. पालापाचोळा, गवत, शेण पसरून त्यावर माती टाकून रोपांची जागा भाजायची, पाऊस पडायच्या आधी. माझे वडील राब पेटवायचे ते पहाटे, वारं पडलेलं असताना, चारी बाजूंनी गवत खरवडून, आणि पेटल्यावर तिथून हलायचे नाहीत. निष्काळजीपणा करणारे आमच्यातही आहेत, नाही म्हणत नाही. पण तुमच्या टेकडीवर राब कोण भाजतो? तिथे रात्री पार्ट्या होतात, सिगारेटी पडतात, तीन दगडांची चूल मांडून लोक चिकन शिजवतात. कचऱ्याचे ढीगही पेटवतात.

रानवाटा | रविवार, सकाळी १०:२०

दोघांचंही थोडं थोडं बरोबर. कोरड्या दिवसांत आपल्याकडे वीज पडून आग लागणं क्वचितच. जवळजवळ प्रत्येक वणव्यामागे माणूस असतो, चुकून किंवा मुद्दाम. राखीव वनात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. पण काडी टाकणारा सापडणं कठीण.

'जाळलं की गवत जोमाने येतं' यात अर्धं तथ्य आहे. गवताचे ठोंब जमिनीखाली जिवंत असतात, वरचं जुनं जळालं की कोंब लवकर दिसतो. पण दरवर्षी जाळत राहिलं की पवन्या, मारवेल ही गुरांची आवडती गवतं मागे पडतात आणि कुसळी माजते, तिचं बी टोकदार असतं, मातीत स्वतःला पिळून घेतं, म्हणून ती आगीतून तरते. वर उघडी पडलेली माती पहिल्याच जोरदार पावसात ओढ्याला. शिवाय टिटवी, चंडोल, धाविक यांची घरटी याच दिवसांत जमिनीवर असतात. सरडे, सापांची पिल्लं, ससे यांचं सांगायलाच नको.

माळरान | रविवार, दुपारी १:३५

थोडं वेगळं बोलतो, चालेल ना? पुण्याच्या टेकड्या म्हणजे मुळात झुडपी माळरान. आपण तिथे 'हिरवळ' म्हणून गिरिपुष्प ठासून लावला. तो हिवाळ्याअखेर पानं टाकतो, म्हणजे बरोबर वणव्याच्या तोंडावर खाली कोरड्या पाल्याचा थर. गवताचा जाळ येतो आणि जातो. पाल्याचा आणि फांद्यांचा जाळ रेंगाळतो, खोडं भाजतो, रात्री विझल्यासारखा वाटतो आणि सकाळच्या वाऱ्याला परत उठतो. वृक्षारोपण करणाऱ्यांचा राग येईल, पण रोपं लावून फोटो काढून गेलेल्यांनी मार्चमध्ये एकदा येऊन बघावं.

पूर्वी हे गवत उभं राहायचंच नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी व्हायची, भारे बांधून गोठ्यांत जायचं. आता पेठांत आणि उपनगरांत गोठे राहिले किती? गवताला गिऱ्हाईक नाही म्हणून ते उभं आहे, आणि उभं आहे म्हणून पेटतं. मार्चमध्ये पाइप घेऊन धावण्यापेक्षा दसरा-दिवाळीच्या मधे विळा घेऊन गेलात तर निम्मं काम तिथेच झालं.

उतारावरचा | रविवार, दुपारी २:०५

माळरान, हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. आम्ही सगळे मार्चचाच विचार करत होतो. पण कापायचं तर परवानगी?

सेक्रेटरी_नाइलाजाने | रविवार, दुपारी २:४०

आधी जमीन कोणाची ते बघा. एकाच टेकडीवर वनविभाग, महापालिका आणि बीडीपी (जैवविविधता उद्यान) आरक्षण पडलेली खासगी जागा अशी तीन मालकीची ठिगळं असतात. राखीव वन असेल तर गवताची काडीसुद्धा परस्पर कापायची नाही, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज द्या. आमच्या अनुभवात ते नाही म्हणत नाहीत, त्यांनाही हात कमीच असतात. त्यांच्या स्वतःच्या जाळरेषा असतात, म्हणजे हंगामाआधी मुद्दाम कापून-जाळून मोकळे केलेले पट्टे. आपल्याकडे १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतात, त्याच्या आधी ते काम उरकावं लागतं. आपलं कुंपण त्या रेषेला जोडून घेता आलं तर उत्तम.

जाळरेषा आपण मात्र जाळायची नाही. फक्त कापायची, आणि कापलेलं तिथेच ढीग करून ठेवायचं नाही (आमच्याकडे एका कंत्राटदाराने तेच केलं).

निवृत्त_वेधशाळा | रविवार, सायंकाळी ६:१२

धागा वाचला. शिमला ऑफिसात (पुण्याच्या वेधशाळेत) नोकरी झाली, तेव्हा वाऱ्याबद्दल दोन शब्द.

गवतासारखं बारीक इंधन तासाभरात भोवतालच्या हवेइतकं कोरडं होतं. सकाळी दवाने ओलसर असलेलं गवत दुपारी स्फोटक असतं. अवकाळीची एक सर पडली म्हणून आठवडाभर निश्चिंत राहू नये, दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. मार्च-एप्रिलमध्ये पुण्याची दुपारची सापेक्ष आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली सहज जाते. त्याच सुमारास पश्चिमेचं वारं वाढतं. म्हणून टेकडीच्या पश्चिम उतारावर पायथ्याशी पडलेली ठिणगी सगळ्यात वाईट. वारं आणि चढ दोन्ही तिच्या बाजूने.

संध्याकाळनंतर टेकडीवरची हवा गार होऊन खाली सरकू लागते. तेव्हा दुपारी वर गेलेला जाळ रात्री हळूहळू खाली उतरू शकतो. वळवाच्या दिवसांत आणखी एक धोका. गडगडाटी ढगाखालून गार वाऱ्याचा लोंढा बाहेर पडतो आणि दोन-चार मिनिटांत दिशा फिरवतो. आग विझवणारी माणसं अशा वेळी भलत्याच बाजूला सापडतात. आभाळ भरून आलं की 'आता पाऊस विझवेल' म्हणून थांबू नका, आधी बाजूला व्हा.

गुडघेदुखी_ट्रेकर | रविवार, रात्री ८:०१

काकांच्या पोस्टला जोडून. ११ मार्च २०१८ ला तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकर वणव्यात सापडले होते, वीसहून जास्त जण गेले. वाळलेलं गवत, तीव्र उतार, वारं. आपल्या सह्याद्रीत याहून वेगळं काय असतं? मी मार्चनंतर गवताळ धारेवरचे ट्रेक बंद केलेत. लोक हसतात. हसू देत.

अल्टाडीना_ते_औंध | रविवार, रात्री ११:२०

धाग्याचं नाव वाचूनच थबकले. मी मूळची औंधची, सध्या लॉस एंजेलिसच्या उत्तरेला डोंगरपायथ्याशी, अल्टाडीनात राहते. जानेवारी २०२५ मध्ये ईटनच्या आगीत आम्ही घर सोडून निघालो होतो. घर वाचलं. आमच्या गल्लीतली बरीच नाही वाचली.

आमच्याकडचं वारं तुमच्यापेक्षा निराळं. नेवाडा-युटाच्या उंच वाळवंटात हवेचा दाब वाढला की ती हवा डोंगरांच्या खिंडींतून समुद्राकडे घसरते. त्याला सांता आना म्हणतात. पण का तापतं ते काकांनी सांगावं, माझा घोळ होतो.

त्याआधीचे दोन हिवाळे छान पाऊस झाला होता. सगळे खूश, डोंगर हिरवे. मग मे २०२४ पासून जवळजवळ काहीच नाही. वाढलेली झुडपं उभी वाळली. तुमच्या पावसाळ्यानंतरच्या गवताचीच गोष्ट, फक्त हिशेब दोन वर्षांचा. ७ जानेवारीला सकाळी लॉस एंजेलिसचं समुद्राकडचं पॅलिसेड्स पेटलं आणि संध्याकाळी साडेसहाच्या आत आमच्याकडे ईटन. डोंगरावर वाऱ्याचे झोत ताशी शंभर मैलांच्या आसपास. त्या संध्याकाळी विमानं आणि हेलिकॉप्टरं खाली उतरवावी लागली, वाऱ्यात पाणी टाकून उपयोगच नव्हता. पॅलिसेड्सच्या वरच्या भागात नळांना पाणी राहिलं नाही, कारण उंचावरच्या टाक्या भरण्यापेक्षा उपसा जास्त. दोन्ही आगी मिळून सोळा हजारांहून जास्त इमारती गेल्या.

लोकांना वाटतं आगीची भिंत चालत येते. आमच्याकडे बहुतेक घरं उडत आलेल्या निखाऱ्यांनी गेली. छपराच्या पन्हाळीतला पाला, माळ्याच्या झडपा, दारातलं काथ्याचं पायपुसणं, भिंतीला टेकवलेला खराटा. एक घर पेटलं की त्याचे निखारे पुढच्यावर, लाकडी सांगाड्याची घरं, दाटीने. म्हणून आता भिंतीपासून पाच फुटांत पेटणारं काहीही ठेवू नका असा आग्रह आहे. सेक्रेटरी, तुमचा सोफा आठवला.

निवृत्त_वेधशाळा | सोमवार, सकाळी ६:५०

ताई, हवा खाली उतरते तशी दाबली जाते आणि दर किलोमीटरला साधारण दहा अंश सेल्सिअस तापते. बाष्प तेवढंच, हवा तापलेली, म्हणून सापेक्ष आर्द्रता एक आकडी होते. खिंडीत चिंचोळी वाट मिळाली की वेग वाढतो. आपल्याकडे डोंगरापलीकडून येणारं वारं समुद्राचं असतं, उशिरा का होईना थोडा ओलावा आणतं. तेवढ्यावर आपण नशीबवान.

कुंदा_पाषाण | सोमवार, सकाळी ७:१५

बाई गं. अल्टाडीना, तुम्ही निघायचं कधी ठरवलंत?

अल्टाडीना_ते_औंध | सोमवार, सकाळी ९:३०

आदेश यायच्या आधी. तिकडे 'तयार राहा' आणि 'निघा' असे दोन टप्पे असतात. अल्टाडीनाच्या पश्चिम भागात 'निघा' फार उशिरा आलं, तिथेच सगळ्यात जास्त माणसं दगावली. आमच्या सासूबाई ८१ वर्षांच्या, त्यांना ऑक्सिजन लागतो, आणि वीज आधीच बंद केली होती. वारं असं वाजत होतं की शेजाऱ्यांनी दार ठोठावलेलं ऐकू येईना. मग नवरा म्हणाला, खोटं ठरलं तर उद्या परत येऊ.

निघताना पासपोर्ट, औषधं, चार्जर, चष्मे, सासूबाईंचे देव. गॅरेजचं दार विजेवर चालणारं, ते हाताने कसं उघडायचं हे आधी करून बघितलेलं असावं, अंधारात जमत नाही. गाडीचं तोंड रस्त्याकडे करून ठेवायचं.

परत आल्यावरचं कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. कित्येक दिवस नळाचं पाणी उकळूनसुद्धा प्यायचं नाही अशी सूचना होती, जळालेल्या प्लॅस्टिक पाइपांतून रसायनं उतरतात, उकळून ती जात नाहीत. राख साधी नव्हे, जुन्या घरांच्या रंगातलं शिसं तिच्यात. झाडू मारायचा नाही, ओलं करून पुसायचं, एन-९५ मास्क लावून.

चिंचेचा_पार | सोमवार, सकाळी ११:०२

रुमाल उचलतो. आईला दमा आहे, तर धुराबद्दल. ओढणी किंवा रुमाल बांधून बारीक कण अडत नाहीत, मास्क एन-९५ च हवा आणि नाकाला घट्ट बसलेला. टेकडीच्या बाजूच्या खिडक्या बंद, ओला टॉवेल फटीत, कूलर बंद (तो बाहेरची हवा आत ओढतो). पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संस्थेच्या 'सफर'वर हवेचे आकडे दिसतात, पण केंद्र लांब असेल तर आपल्या गल्लीतला धूर त्यात दिसेलच असं नाही. आईची छाती भरायला लागली की मी आकडा न बघता तिला मावशीकडे सदाशिव पेठेत सोडतो.

जालीय_हल्लेखोर | सोमवार, दुपारी १२:१८

सदाशिव पेठेत दुपारी एक ते चार प्रवेश मिळतो का पण?

चिंचेचा_पार | सोमवार, दुपारी १२:२५

आईला मिळतो. मला नाही.

उतारावरचा | सोमवार, रात्री ९:४०

आज वनरक्षकांना भेटलो. आमच्या कुंपणालगतचा निम्मा भाग वनविभागाचा, उरलेला खासगी बीडीपी. खासगीचे मालक तीन भाऊ, त्यांच्यात कोर्टात वाद, त्यामुळे सही कोणाची घ्यायची हा वेगळाच वणवा. वनविभागाच्या बाजूला आत्ता फक्त ब्लोअरने पाला हलवून देतो म्हणाले, उभं गवत आता कापत बसण्यात अर्थ नाही, ठिणगी पडायचा धोका आणि माणसं दुसरीकडे गुंतलेली. नोव्हेंबरमध्ये कापणीसाठी अर्ज आत्ताच द्या, असं त्यांनीच सांगितलं. आतली अडगळ या रविवारी निघतेय. पंप जनरेटरवर घेतला. पट्टा किती रुंद, याला त्यांचं उत्तर होतं की सपाटीला चालेल तेवढा चढावर पुरत नाही, गवताच्या उंचीच्या निदान तिप्पट तरी धरा, आणि खालच्या उताराच्या बाजूला त्याहून जास्त. आमची इमारत वर आणि गवत खाली अशी एक बाजू आहे, तिथे कापणी आधी करणार.

माळरान | सोमवार, रात्री १०:०५

कापलेलं गवत टाकू नका. कोंढव्याच्या बाजूला, फुरसुंगीकडे अजून गोठे आहेत, गोशाळाही आहेत, गाडीभाडं आपण दिलं तर नेतात. फक्त कुसळी बी धरायच्या आधी कापा, नाहीतर गुरांच्या तोंडाला टोचते आणि कोणी हात लावत नाही. म्हणजे ऑक्टोबर संपायच्या आत. नोव्हेंबरचा अर्ज असेल तर तारीख अलीकडे आणता येते का ते विचारा.

उतारावरचा | सोमवार, रात्री १०:११

विचारतो उद्या. गोठ्यांचे नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मुळशीचा_पाव्हणा | सोमवार, रात्री १०:३०

विळे कोणाकडे आहेत का? दुकानातले नका आणू, धार नसते. मी गावाहून आणतो, माणसं किती ते सांगा.